धुतलेला हात

"आजये, आता बघ," म्हणत गौरवीने लॅपटॉप चंद्रावतीपुढे फिरवला.

चहात बुडवलेला पाव चंद्रावतीच्या हातात तसाच राहिला. पडद्यावर तिचं शेत होतं. परवा तिनेच जुन्या फोनवर त्याचा व्हिडिओ काढलेला, एका हातात फोन धरून आणि दुसरा कोपरापर्यंत चिखलात घालून. तेव्हा सगळे ठिपकेच ठिपके होते. पणजीतल्या दुकानांचे व्हिडिओ करून देणारी नात सकाळपासून तो ॲपवर सुधारत बसलेली. आता भाताचं पान न् पान मोजता येत होतं. पाणी निळंशार.

"ह्या पाणी खयचा?"

"आपल्याच शेतातला. आधी सगळा लाल होता. ॲपाक वाटला रंग बिघडलो, म्हणून त्याने नीट केल्यान."

"लालच आसा ता! खाणीची माती भरली हा शेतात. ताच तर दाखवूचा आसा!"

तेवढ्यात पडद्यावर चिखलातून हात वर आला. गोरा, गुळगुळीत. नखंसुद्धा स्वच्छ.

"माझो हात कोणी धुतलो?"

"अगो, धूसर व्हिडिओ कोण बघतलो? रविवारी ग्रामसभा. गोकुळदास पंच परत हसतलो."

मागच्या सभेत तो सगळ्यांसमोर म्हणालाच होता, "चंद्रावतीबाय, शेतातली खाणीची माती म्हणजे तुमची ती मगरच!" आणि सभा खो खो हसली होती. मगर म्हणजे चंद्रावतीने तरुणपणी पदराने तोंड बांधून डिचोलीच्या बाजारात नेल्याची तिची गोष्ट. सांगताना मगर दर वर्षी हातभर वाढायची.

"हसांदे. मगरीक मी जन्मभर रंग लावलंय. ह्येका नको. तुझा निळा पाणी बघून खाणवालोच म्हणतलो, बघा, किती बरा आसा!"

गौरवीने मूळ व्हिडिओ परत लावला. चित्र हललं, फाटलं. चिखलातून हात वर आला, त्यावरून लाल ओघळ गळत होते.

"उजेड तरी वाढवू?"

"उजेड वाढव. रंगाक हात लावू नको."

गौरवीने उजेड वाढवला. लाल आणखीनच लाल दिसायला लागलं. चंद्रावतीच्या हातातल्या पावाचा ओला तुकडा बशीत पडला, तिचं लक्षच नव्हतं.

"वर नाव काय घालू, आजये?"

चंद्रावतीने पदराने हात पुसले.

"लिही, ह्यात मगर नाय."