पहिली ऑर्डर

"पप्पा, आली! वेबसाइटवरून पहिली ऑर्डर!" शाल्मली गल्ल्यावरून टुणकन उठली. अंत्यविधीच्या सामानाचं का होईना, आपलं दुकान आता मोबाइलवर झळकतंय, आणि तेही आपण केलेल्या साइटमुळे, म्हणून आठवडाभर ती नुसती हवेत होती.

"हळू बोल," पप्पा बांबू कापता कापता म्हणाले. "नाव वाच."

तिने नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. ऑर्डर ऋतिकाची होती, वर्गात तिच्याच बाकावर बसणाऱ्या ऋतिकाची. तिचे बाबा महिनाभर दवाखान्यात होते.

"त्यांना आपल्याकडून काय उत्तर गेलं?" पप्पांनी विचारलं.

तिने मोबाइल पुढे केला. ऑर्डर आली की आपोआप जाणारा निरोप तिनेच मोठ्या हौसेने लिहिला होता, 'आम्ही आपले आभारी आहोत. पुन्हा अवश्य या.' पप्पांनी कपाळाला हात लावला. उभ्या जन्मात त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हटलं नव्हतं. सामान हातात द्यायचं आणि मान खाली घालायची, एवढंच ते करत.

"तूही चल," ते म्हणाले. "माफी मागायची ती समोर जाऊन."

ऋतिका दारातच उभी होती, हातात मोबाइल धरून. पप्पांनी बांबू अंगणात उतरवले.

"चुकलं गं माझं," शाल्मली कशीबशी म्हणाली.

ऋतिका रडली नाही, चिडलीही नाही.

"पुन्हा कुणासाठी येऊ?" तिने विचारलं. "आता घरात आई तेवढी राहिलीय."