सिन्योराची भाची

"ही स्पॅगेटी कुणी मोडली?"

सिन्योरा एर्सिलियाने पातेल्यातला एक आखूड तुकडा काट्यावर उचलून धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तसा.

"मी," ब्लेरिना म्हणाली. "पातेलं लहान होतं. मावत नव्हती."

"मावत नव्हती म्हणे! अगं, पाणी उकळलं की ती आपोआप वाकते. भल्याभल्या माणसांना वाकावं लागतं, मग स्पॅगेटीचं काय घेऊन बसलीस? माझ्या आईनं पाहिलं असतं तर तुला जिन्यावरून ढकलून दिलं असतं."

"चुकलं, सिन्योरा."

चुकलं होतं, पण तिचं नव्हे. ब्लेरिना अल्बानियाची, समुद्रापलीकडच्या इटलीचा टीव्ही बघत लहानाची मोठी झालेली. स्पॅगेटी मोडण्याआधी तिनं स्वतःचं बोट मोडून घेतलं असतं. सिन्योरा बाहेर गेलेली असताना केलेला हा पराक्रम अनाहितचा होता. आणि अनाहित या घरात असायलाच नको होती.

कॉलेजं सुरू झाली की इटलीतल्या बोलोन्या शहरात खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. अनाहित आर्मेनियाहून बॅग घेऊन आली, तर तिला कबूल केलेली खोली दुसऱ्याच कुणाला देऊन झालेली. वर्गातली मुलगी रस्त्याकडेच्या कमानींखाली पथारी पसरणार, हे काही ब्लेरिनाला बघवेना. तिनं तिला गुपचूप आपल्या खोलीत आणलं. दोन दिवसांसाठी! त्या दोन दिवसांचा बघता बघता महिना झाला. पावलं वाजली की अनाहित पलंगाखाली.

खोली भाड्यानं देणाऱ्या सिन्योराचे नियम कडक होते. पाहुणे आणायचे नाहीत. घंटा वाजवायची नाही. रस्त्याकडच्या खिडक्या उघडायच्या नाहीत, उन्हानं सोफा विटतो. त्या सोफ्यावर पांढरी चादर, आणि चादरीवरही बसायचं नाही. खालच्या राखणदारबाईनं हटकलं तर "मी भाची" म्हणायचं. यात ब्लेरिनाला काही वावगं वाटलं नाही. बोलोन्यात भाड्यानं राहणारी प्रत्येक मुलगी कुणाची ना कुणाची भाचीच असते. घरोघरी भाड्यावरचा कर चुकवायचा असतो ना!

पण नियम सोडले तर बाई म्हणजे लोणी. ब्लेरिना खोकली की स्वतःची शाल तिच्या गळ्यात. ताटात रोज दोघींपुरतं वाढायची. "खा गं, नुसता सांगाडा झालीस." त्यातलं अर्धं पलंगाखाली जायचं आणि उरलेलं अर्धं ब्लेरिनाच्या घशाखाली उतरायचं नाही.

"आज सांगतेच," त्या रविवारी सकाळी ती अनाहितला म्हणाली होती.

"सांग की. मग दोघी मिळून कमानींखाली झोपू. ऐसपैस जागा आहे."

आता ती काटा हाती घेतलेल्या सिन्योरासमोर उभी होती.

"सिन्योरा, मी खोटं बोलले. स्पॅगेटी मी नाही मोडली. माझ्या खोलीत एक मैत्रीण राहते. महिना झाला. तुम्ही इतकी माया लावलीत आणि मी तुम्हालाच फसवलं. दुसऱ्याच्या घरात त्याला न विचारता राहणं म्हणजे चोरीच हो. मला घालवून द्या, पण तिला राहू द्या. तिला कुठेच जागा नाही."

सिन्योरानं काटा हळूच खाली ठेवला.

"चोरी," ती पुटपुटली. "हो गं, चोरीच." मग एप्रनला डोळे पुसून म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मोरीत काळे केस, आणि तू तर पिंगट. उगाच का दोघींचं वाढत होते? बोलाव त्या स्पॅगेटीच्या खुन्याला. जेवू दे माणसासारखं."

अनाहित कपड्यांवरची धूळ झटकत, कानापर्यंत लाल होऊन आली. सिन्योरानं तिला आपल्या शेजारी बसवलं आणि ताट पुढे सरकवलं. "आधी खा. ओरडायचं ते नंतर ओरडेन." ब्लेरिना हसता हसता रडायला लागली. महिन्याभराचं ओझं उतरलं होतं. राहायचं ठरलं होतं, दोघींनी!

तेवढ्यात लिफ्ट याच मजल्यावर थांबली. कुणीतरी सामान ओढत बाहेर आलं. दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

सिन्योरा पांढरीफटक पडली. तिनं गॅस बंद केला, तिन्ही ताटं कपाटात कोंबली, दोन्ही मुलींची मनगटं धरून त्यांना खोलीत ओढत नेलं आणि पलंगाखाली ढकललं. मग गुडघे कुरकुरवत ती स्वतःही आत सरपटली.

"सिन्योरा, तुम्ही कशाला?" ब्लेरिना कुजबुजली.

"शू, पोरी! घराचे मालक आलेत."