सगळ्यात कमी दर

माझाच धक्का लागून वाटी फरशीवर पडली, गरगरत राहिली आणि लेक जागी झाली. रविवार दुपारची तिची झोप हेच माझं ऑफिस. ते बंद झालं.

तिला पुढ्यात घेऊन मी वेणी घालायला लागले. समोर लॅपटॉपवर खाडीपुलाची निविदा उघडी होती. सगळ्यात कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराला मी लेखी विचारलं होतं, की आमच्या अंदाजाच्या निम्म्या पैशांत पूल बांधणार कसा? त्याचं उत्तर आलं, "अनुभवाच्या जोरावर." त्याचा मागचा पूल दुसऱ्याच वर्षी वाहतुकीला बंद झाला, हाच तो अनुभव! मी 'शिफारस नाही' असा शेरा मारून मोकळी झाले होते.

फोन वाजला. हात केसांत अडकलेले, म्हणून स्पीकर लावला.

"मॅडम, तो काळ्या यादीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, पण..."

"मग पण कसला? कमी दरवाला सोडलात तर चौकशी तुमच्यामागे लागेल. पूल पडला, तर त्याच्यामागे. शेरा बदला, आजच."

चिडून मी वेणीला असा हिसका दिला की लेक कळवळली. "चुकलं गं पिल्लू," म्हणत मी तिचं डोकं चोळलं.

"आई, आमची शाळेची बस जाणार तो हाच पूल ना?"

"हो."

"मग तो पडला तेव्हा आम्ही वर असलो, तर चौकशी कुणामागे लागते?"