दुसरी बाटली

सालेकशाच्या जंगलातून बचाव केंद्रात आणलेल्या अस्वलाच्या दोन पिल्लांपैकी एक सोमवारी गेलं. देखभाल पथकाची प्रमुख चेतना हिनं त्याला स्वतः पुरलं. तेव्हापासून दुसऱ्यानं दुधाला तोंड लावलं नव्हतं. आज प्यायलं नाही, तर तेही हातचं जाणार होतं.

सकाळी पिल्लांना दूध पाजणाऱ्या कैलाशभाऊंनी सवयीनं दोन बाटल्या भरून आणल्या.

“भाऊ, दोन कायले?”

“हात ऐकतच नाही ना, मॅडम.”

“असू द्या. लावा दोन्ही.”

जाळीतून दोन्ही निपल आत गेले. पिल्लू उठलं, उजवीकडे आलं आणि शेजारी जागा सोडून चुटूचुटू पिऊ लागलं.

“पिऊन राहिलं ना, बाप्पा!” कैलाशभाऊ हसले.

मग डावीकडच्या बाटलीतही बुडबुडे चढू लागले.

गळत असेल, म्हणून चेतनानं ती ओढली. निघेना. घरी तिची सहा महिन्यांची रुचिका बाटली धरून ठेवते, तशीच हलकी, हट्टी ओढ आतून होती. उजवीकडचं पिल्लू प्यायचं थांबून चेतनाकडे बघू लागलं.

चेतनानं हात सोडला. दोन्ही बाटल्यांत बुडबुडे चढले.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “उद्याही दोनच भरा.”