बीळ क्रमांक चार

वेळ ७.१०. हवा कोरडी. निरीक्षक: डॉ. पद्मजा.

एवढे तक्त्यावर लिहून पद्मजाने मागे पाहिले. टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या बुंध्याशी तिची मुलगी उल्का उकिडवी बसली होती. तिच्या शेजारी, तशाच उकिडव्या, सोजरबाई.

रविवार म्हणजे सोजरबाईंची सुट्टी. बाकीचे सहा दिवस उल्काला त्याच सांभाळायच्या. आज मात्र पद्मजाने ठरवले होते, मुलीला आपल्या मुंग्या आपण दाखवायच्या. नऊ वर्षे ती या बिळांवर संशोधन करत होती. चार वर्षांची उल्का दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "सोजरआजी असंल तर येते."

"असंल नाही, असेल," पद्मजा म्हणाली आणि तिने सोजरबाईंना फोन लावला.

वेळ ७.२५.

"आजी, ह्यांना डोळे हायेत?"

"हायेत की. बारीक."

"ह्या झोपतात?"

"दमल्यावर कोण झोपत न्हाई?"

"कुठं पण झोपतात?"

"तुझ्यावानी न्हाई. आपापल्या जागंवर."

उल्का खिदळली. पद्मजाने तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन खाने पाडले. जे सलते ते ती मोजत असे. जुनी सवय.

सोजरबाईंना विचारलेले प्रश्न: ९
आईला विचारलेले प्रश्न: ०

दुसरा खाना तिने पट्टीने आखला होता.

वेळ ७.४०.

"उल्का, मुंग्या एकमेकींना कशा ओळखतात, सांगू?" पद्मजा वाकून म्हणाली. "वासाने. त्या मिशा लावतायत ना, त्यांना स्पर्शिका म्हणतात."

उल्काने मान हलवली. डॉक्टरांपुढे हलवते तशी.

"आई, तुझी सावली पडतेय."

पद्मजा सरकली. हा प्रश्न नव्हता. खाना तसाच राहिला.

वेळ ७.५०. हालचाल सुरू.

बिळातून मोठ्या काळ्या मुंग्यांची रांग निघाली. प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी फिकट पिवळे, तांदळाच्या दाण्यासारखे.

"आजी, काय नेतायत?"

"अंडी. घर बदलत्यात. सामान मागनं, लेकरं आधी."

दहा.

"अंडी नव्हेत ती." पद्मजाचा आवाज वर्गातल्यापेक्षा मोठा लागला. "अहो सोजरबाई, मुंगीचं अंडं मुंगीएवढं कसं असेल? कोंबडीएवढं अंडं पाहिलंय का कधी? हे कोष आहेत. आत मुंगी तयार होत असते."

"असंल, ताई. आम्ही आपलं अंडीच म्हणतो."

उल्का सोजरबाईंकडे वळली. "आजी, कोष म्हंजी काय?"

अकरा. शब्द पद्मजाचा होता.

तिने खिशातून चिमटा काढला. या बिळांशी कोणी काडी जरी टाकली तरी ती विद्यार्थ्यांना टेकडीवरून खाली पाठवत असे. आता तिने रांगेतल्या एका मुंगीच्या तोंडचा कोष ओढून घेतला, तळहातावर ठेवला आणि चिमट्याच्या टोकाने उभा चिरला.

"बघ. आहे का अंडं? मुंगी आहे."

पांढरीशुभ्र मुंगी. पाय पोटाशी घेतलेले. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. एक पाय जरासा हलला.

"व्हय की," सोजरबाई म्हणाल्या. "मुंगीच हाय. दिवस भरले नव्हते तिचे."

उल्का तळहातावर वाकली.

पद्मजाने हात जमिनीला टेकवला. पांढरी मुंगी मातीत घरंगळली. जिच्या तोंडचा कोष गेला होता ती मुंगी तिथेच गोल गोल फिरत होती. ती आली. मिशा लावून तिने पांढऱ्या मुंगीला चाचपले, मग उचलले आणि रांगेच्या उलट दिशेने, बिळाकडे निघाली.

"आली बघ तिची आई न्यायला," सोजरबाई म्हणाल्या.

उल्काने मान वर केली. सोजरबाईंकडे नाही, पद्मजाकडे.

"आई, ही तिची आई हाय?"

एक. पद्मजाने पेन उचलले नाही. ती खाली बसली, मातीतच.

"बहीण आहे. मोठी बहीण."

"कुठं नेतेय?"

फुटलेल्या कोषातल्या मुंगीला आत नेऊन तिचे काय करतात, यावर पद्मजाचा एक शोधनिबंध होता. बारा पानांचा. निष्कर्ष एका शब्दाचा. खातात.

"घरी," पद्मजा म्हणाली.

"मग ती बरी होईल?"

मुंगी बिळाच्या तोंडाशी पोचली होती. पांढरे पाय आधी आत गेले.

"होईल."

उल्का आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळली.

"आजी, खरं?"

सोजरबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. लुगड्याची माती झटकली.

"आई कशाला खोटं सांगंल, बाय?"