अर्धी घागर

पाण्यातलं फ्लोराइड काढणारं यंत्र गावात वर्षभर चालू होतं, तरी पोरांची हाडं वाकतच होती. सरपंच कुमुदताई आत्राम स्वतः टाकीवर गेल्या. बोअरचं पाणी यंत्राला वळसा घालून थेट टाकीत पडत होतं.

“यंत्रातून पाणी कमी येतं, लोक ओरडतात,” यंत्राची देखभाल करणारा अभियंता म्हणाला. “म्हणून थेट सोडलं.”

“आणि आम्हाला सांगितलं नाही?”

“पाणी तर मिळत होतं ना, मॅडम?”

संतापलेल्या कुमुदताईंनी थेट पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून साखळीनं कुलूप ठोकलं.

दुसऱ्या दिवशी नळाला अर्धीच घागर पाणी आलं. बायका भांडायला आल्या. ताईंनी सगळं सांगितलं, तशा त्यांनी घागरी खाली ठेवल्या.

वाकल्या गुडघ्यांच्या शेवंताबाई काठी टेकत उठल्या. “किल्ली तू सांभाळ, पोरी. त्या साहेबाकडे आमी जातो.”