बिनपंचांगाचं ग्रहण

सातव्या महिन्यात राजापेठेला माहेरी आलेली खगोलशास्त्रज्ञ रागिणी वांगी चिरता चिरता आईला म्हणाली, "आज सकाळीच आमच्या उपग्रहानं गॅमा किरणांचा मोठा स्फोट पकडला. दूरचा एक तारा मेला, त्याचे किरण आले."

पार्वताबाईंनी तिच्यापुढची विळी ओढून घेतली. "कावून सांगितलं नाही वं आंधी? पोटुशीनं अशा टायमाले चिरत नसतात."

"ते ग्रहण थोडीच हाये, आई! आधी समजतच नाही. उपग्रहाले समजते तवा येऊन गेलेलं असते."

पार्वताबाई घाबरल्या. ग्रहण निदान पंचांगात तरी असतं. मग त्यांनी बाळंतपणापर्यंत रोजच पाळायचं ठरवून टाकलं. रागिणीला हसू आवरेना.

"हास. मागच्या खेपेले ग्रहण पाळ म्हनलं तवा बी अशीच हासली होती. आठ दिवसांत पोट पडलं."

ते किरण वरच्या हवेतच अडतात, म्हणून तर यंत्र अवकाशात ठेवावं लागतं, हे रागिणीला पाठ होतं. तरी तिने लॅपटॉप उघडला आणि गेल्या वर्षीच्या त्या आठ दिवसांच्या उपग्रहाच्या नोंदी शोधायला घेतल्या.